खलात फुटलेले दाणे

मित्रांनो, मी एक जुना, काळ्या दगडाचा खल आहे आणि अगदी खरे सांगायचे तर दमलेला आहे. तुमच्या घरी मिक्सर असेल, म्हणून खल म्हणजे काय हे काहींना ठाऊकही नसेल. नावेच्या आकाराचे दगडी भांडे, त्यात पुढेमागे फिरणारा दगडी बत्ता, आणि दोघांच्या मधे सापडेल त्याचे पीठ, एवढेच आमचे काम. माझे पोट झिजून खोल झाले आहे, एका कडेचा टवका उडाला आहे, आणि बत्त्याची तर नुसती मूठच उरली आहे. लोक म्हणतात दगडाला दुखत नाही. म्हणोत बापडे.

माझा जन्म गयेकडचा. काशीचे नीलकंठवैद्य वडिलांचे श्राद्ध करायला गयेला गेले होते. लोक तिथून पितर सुटल्याचे समाधान घेऊन परततात. वैद्यबुवा समाधानाबरोबर मलाही जुन्या धोतरात गुंडाळून घेऊन आले. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर त्यांचे बिऱ्हाड होते. जिन्याखाली सगळी हिंदी, आणि उंबरा ओलांडला की मराठी. मी त्या मराठीतच वाढलो.

तेव्हाचे माझे दिवस काय सांगू! पहाटेपासून कामाला जुंपला जायचो. सुंठ, मिरी, पिंपळी, हरडा, कसली कसली भस्मे. नीलकंठवैद्य भस्म चिमटीत घ्यायचे, दोन बोटे चोळायचे आणि उजेडात धरून बघायचे. बोटांच्या रेषांत जाऊन बसले तरच ते भस्म, नाहीतर पुन्हा घोटा. "जितकं घोटाल तितका गुण," हे त्यांचे ठरलेले वाक्य. घरातल्या प्रत्येकाला ते पाठ झाले होते आणि मला तर ते वेदवाक्यच वाटे. माझ्यातले चूर्ण घेऊन माणसे तीन मजले उतरून बरी होऊन जात, आणि जाताना वैद्यबुवांना नमस्कार करीत. मला कुणी केला नाही, पण मी मनातल्या मनात घेत असे.

पुढे वैद्यबुवा गेले. मुलाने वैद्यकी घेतली नाही. तो वेणीमाधव, वेदपाठी झाला. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर आलो आणि वेलदोडे, केशर, सणासुदीला जायफळ असल्या किरकोळ कामांना लागलो. एकदा शिवरात्रीला शेजारचे मिश्राजी भांग घोटायला मला मागून घेऊन गेले. त्या दिवसाचे मला नीटसे काही आठवत नाही. एरवी मी फळीवर बसून असायचो, आणि अंग दुखत असले तरी कुणी बोलावले तर बरे, असे वाटत राहायचे. म्हातारपण असेच असते म्हणा.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती पंचाण्णव सालची. वेणीमाधवशास्त्री तोवर सत्तरी ओलांडून गेले होते आणि घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांना जुना दमा होता. मुलगा विश्वेश मिर्झापूरच्या बँकेत होता, शनिवारी यायचा. तात्यांचे सारे करायची ती सून, शरदिनी. आणि नात हिमानी विद्यापीठात औषधांवर संशोधन करायची. सकाळी लवकर गल्लीबोळांतून मैदागिनपर्यंत चालत जाऊन टेम्पो पकडायची आणि दिवेलागण उलटून गेल्यावर परत यायची.

रात्री पानावर बसली की ती आपल्या कामाची रडगाणी गायची. साखरेचे मोहरीएवढे दाणे फिरत्या परातीत घोळवायचे, त्यांच्यावर औषध चढवायचे आणि मग वरून पॉलिमरचा फवारा मारून पापुद्रा बसवायचा. पापुद्रा जाड झाला तर औषध आतच अडकते. पातळ झाला किंवा तडकला तर सगळे एकदम बाहेर येते. हवे असते ते थोडेथोडे, दिवसभर पुरेल असे.

"आज पण कोटिंग फुटलं, आई. पूरा दिन बेकार गेला."

"उद्या बसेल. भात घे अजून," शरदिनी म्हणायची. तिला त्यातले ओ की ठो कळत नसे. पण पोरगी थकून आली आहे एवढे कळे आणि ती तूप जास्त वाढायची.

त्या वर्षी भाद्रपदात डॉक्टरांनी तात्यांना दम्यासाठी नवी कॅप्सूल दिली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिल्या काही दिवसांत तात्यांना इतके बरे वाटले की ते काठी टेकत घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेपर्यंत जाऊन आले. पंचगंगेच्या पायऱ्या म्हणजे थट्टा नव्हे, तरण्याताठ्यांनाही धाप लागते. घरात सगळे खुशीत होते. मग एका रात्री जेवताना तात्यांनी सहज विचारले, "काय गं, या कॅप्सूलची ही रंगीत डबी कशाची करतात?"

"जिलेटिनची, आजोबा."

"ते काय असतं?"

"जनावरांची हाडं, कातडी उकळून काढतात ते," हिमानी बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

तात्यांच्या घरात कांदा-लसूण येत नसे. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "उद्यापासून नको ते," एवढेच म्हणाले आणि आचवायला उठले. ते एकदा नको म्हणाले की विषय संपला, हे घरातल्या मांजरालाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमानीला उशीर झाला होता. चपला घालता घालता तिने तोड काढून दिली. "आई, ती डबी उघडायची आणि आतले दाणे फक्त आजोबांना द्यायचे. डबी फेकून दे. त्यांचा नेम पण राहील आणि औषध पण जाईल. मी निघते." आणि ती धडधडत जिना उतरून गेली.

शरदिनीने कॅप्सूल उघडली. बशीत बारीक, गोल, चकचकीत दाणे पडले. तिने दोन बोटांत एक दाबून पाहिला. कडक होता. तात्यांना कवळी, त्यांना हे कसे चावणार? कवळीखाली अडकले तर दिवसभर ठणका. आणि या घरात औषध असे कोरडे, दाणेदार कुणी कधी दिले होते का? तिने वर फळीकडे पाहिले आणि मला खाली काढले.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी पुन्हा औषध! वैद्यबुवांच्या घरची सून शोभेल अशी ती बसली, पदर खोचून, पाट घेऊन. पण हे दाणे काही वेगळेच होते. मिरी कशी एका दणक्यात फुटते, तसे यांचे नव्हते. ते बत्त्याखालून निसटायचे, कडेला पळायचे. त्यांच्या अंगावर काहीतरी चिवट, पातळ होते, ते आधी दबायचे आणि मग नाइलाज झाल्यासारखे फाटायचे. फुटायची त्यांची इच्छाच नव्हती. पण शरदिनीचा हात कसलेला होता. तिने शेवटचा दाणा मोडेपर्यंत घोटले, चिमटीत घेऊन बोटांच्या रेषा पाहिल्या, मध घातला आणि छानसे चाटण करून तात्यांना दिले. संध्याकाळी पुन्हा तसेच. ती हे सारे किती मायेने करत होती, ते माझ्याइतके जवळून कुणी पाहिलेले नाही.

आणि तात्या बिघडत गेले.

चाटण घेऊन तासदोन तास झाले की त्यांची छाती धडधडू लागे. हात असे कापत की संध्येला बसले तर पळीतले पाणी ताम्हनात पडण्याऐवजी मांडीवर सांडे. मळमळे, कधी उलटी होई, डोळ्याला डोळा लागत नसे. आणि पहाट व्हायच्या सुमाराला, जेव्हा औषधाचा जोर असायला हवा, तेव्हा छातीत शिट्टी वाजू लागे आणि ते भिंतीला टेकून श्वासासाठी झगडत बसत. म्हणजे आधी औषधाचा त्रास आणि मग औषध नसल्याचा. विश्वेशने त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, पहाटे दम लागतो म्हणजे औषध कमी पडते आहे, जास्त ताकदीची कॅप्सूल देऊ. ती घरी कशी दिली जाते ते त्यांनी विचारले नाही. शरदिनीनेही सांगितले नाही. पोळी लाटून देतो हे का कुणी डॉक्टरांना सांगते?

मोठ्या कॅप्सूलमधले दाणे जास्त होते. शरदिनीने जास्त घोटले. त्या दुपारी तात्यांना दरदरून घाम फुटला, नाडी हाताला लागेना इतकी धावू लागली, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे फिरले. मिश्राजींच्या मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेले आणि तसेच गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत. त्या अरुंद गल्लीत अशा रीतीने नेलेली माणसे बहुधा एकाच घाटाकडे जातात, म्हणून बायका दारे उघडून बघत होत्या. शरदिनी अनवाणीच मागून धावली.

तात्या वाचले. इस्पितळात सुया, सलाईन, वाफारा, आणि आठवड्यात माणूस उठून बसला. डॉक्टर म्हणाले, वय झाले, हृदयही थकले आहे, जपा. पुन्हा तीच आधीची लहान कॅप्सूल लिहून दिली आणि घरी पाठवले. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा छातीत धडधड आणि हात थरथर.

समाचाराला तात्यांची लेक इंदू आली होती. ती मुन्शी घाटाकडे राहायची. बाई मनाची वाईट नव्हती, पण जिभेला हाड नव्हते. स्वयंपाकघरात चहा पिता पिता म्हणाली, "इस्पितळात बघा कसे टवटवीत झाले होते. घरी आले की पुन्हा तेच. हाताला यश असावं लागतं हो वहिनी, त्याला कुणाचा इलाज नाही."

 शरदिनी कप विसळत राहिली. इंदूवन्सं गेल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहत राहिली. तिला ते खरेच वाटले होते. मला त्या क्षणी तोंड फुटावे असे फार वाटले, पण फुटून बोलणार काय? मला तरी कुठे माहीत होते? मीही तेच मानत होतो, की आपले घोटणे कमी पडते आहे.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात विद्यार्थ्यांची हडताल होती. हिमानी घरीच राहिली. ती आतल्या खोलीत केस विंचरत होती, आणि इकडे शरदिनी मला घेऊन बसली. माझा आवाज हिमानीने जन्मापासून ऐकलेला. आई काहीतरी कुटते आहे, कुटू दे. सवयीच्या आवाजाकडे कोण कान देतो? ती पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली आणि तिची नजर पाटाशेजारी पडलेल्या डबीच्या दोन रंगीत तुकड्यांवर गेली.

"आई, काय करतेयस?"

"औषध घोटतेय मामंजींचं. अजून काय करणार."

हिमानी तिच्यासमोर खाली बसली. तिने आईचा हात बत्त्यासकट धरला. माझ्या पोटात अर्धे दाणे फुटलेले होते, अर्धे अजून शाबूत इकडेतिकडे पळत होते. तिने एक दाणा बोटावर उचलला.

"हे रोज घोटतेस? पहिल्या दिवसापासून?"

"मग? चावणार कसे त्यांना? बारीक करून मधातून देते. चांगलं खलून देते." शरदिनीचा आवाज बारीक झाला. पोरीचा चेहरा पाहून तिला काहीतरी कळू लागले होते. "काय झालं? बोल ना गं."

"आई, या एकेका दाण्यावर साल आहे. मी रोज जे बसवते ना, तेच. ते साल हळूहळू औषध सोडतं. बारा तास पुरावं म्हणून. ते फोडलं की..." तिने तो दाणा पाटावर ठेवला. "सगळं एकदम जातं गं अंगात. आणि पहाटेला काहीच उरत नाही."

बाहेरच्या खोलीतून तात्यांचा आवाज आला. त्यांना सगळे ऐकू गेले होते. "म्हणजे गलंती," ते म्हणाले. श्वास घ्यायला थांबले. "पिंडीवर पाण्याचा थेंब थेंब पडावा म्हणून बुडाला भोक असलेली गलंती टांगायची. आणि आम्ही रोज ती पिंडीवर आपटून फोडत होतो."

शरदिनीच्या हातातून बत्ता निसटून माझ्या कडेवर आपटला. तो टवका तेव्हाचा. "मी रोज विष कालवत होते," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"तू नाही, आई. मी नीट सांगितलंच नाही. मला एकदा पण विचारावंसं वाटलं नाही, तू कसं देतेस." हिमानी तिच्या पाठीवर हात ठेवून बोलत होती, पण शरदिनी ऐकत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पोरगी दिवसभर तिकडे ते साल फुटू नये म्हणून डोळे फोडत होती, आणि घरी तिची आई रोज दोनदा तेच साल फोडत होती.

हिमानीने माझ्यातले सारे मोरीत ओतले आणि डॉक्टरांकडे धावली. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. आजची सकाळ काही नको, संध्याकाळपासून तीच लहान कॅप्सूल, दाणे अख्खे, मऊ काहीतरी खाऊन त्याबरोबर गिळायचे, अजिबात चावायचे नाहीत. असे सांगून त्यांनी ते मोठ्या अक्षरांत लिहूनही दिले. मला घासूनपुसून फळीच्या मागच्या बाजूला, पोह्यांच्या डब्याआड ठेवण्यात आले. विश्रांती हवी हवी म्हणत होतो, ती अशी मिळाली.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी काही उपदेश करायचा असतो, तो आत्ताच करून टाकतो, म्हणजे माझ्या डोक्यावरचे ओझे उतरेल. सगळेच घोटायचे नसते. काही गोष्टी अख्ख्या राहिल्या तरच कामाच्या असतात, आणि हे मला इतक्या पिढ्या झिजल्यावर कळले. तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि कुणी त्याची सेवा करत असेल, तर औषध नुसते तिच्या हातात कोंबू नका. तिच्यासमोर बसा आणि ते कसे द्यायचे ते सांगा. आणि ती कसे देते, तेही एकदा पाहा. ती माया तर करणारच आहे. माया कुठे थांबवायची, ते मात्र कुणीतरी तिला सांगावे लागते.

आता त्या संध्याकाळचे सांगतो आणि थांबतो.

डब्याआडून मला बाहेरची खोली दिसत होती. तात्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. हिमानीने केळे कुस्करून चमच्यात घेतले, त्यावर दाणे पसरले आणि चमचा त्यांच्या तोंडापाशी नेला. तात्यांनी तोंड मिटून घेतले.

"आजोबा, घ्या ना."

"शरदिनी कुठे आहे?"

शरदिनी दाराआड उभी होती. दिवसभर तिने अन्नाला हात लावला नव्हता. "मामंजी, माझ्या हातून नको," ती तिथूनच म्हणाली. "हिमानी देईल. तिला समजतं. माझ्या हाताला..."

"हिमानी उद्या लग्न करून जाईल."

"मग ह्यांना सांगते, इथे बदली करून घ्या म्हणून. पण माझ्या हातून नको."

 तात्यांना एवढे बोलूनही धाप लागली होती. मग त्यांनी तोंडात हात घालून दोन्ही कवळ्या काढल्या, उशाशी पाण्याच्या वाटीत ठेवल्या आणि बोळक्या तोंडाने म्हणाले, "हे बघ, सूनबाई. आता मला चावता येणार नाही आणि तुला घोटता येणार नाही. आता चुकायचं कुणी? ये इकडे."

ती आली. हिमानीने उठून जागा दिली. शरदिनीच्या हातात चमचा एवढा कापत होता की दोन दाणे चादरीवर पडले, ते तिने एकेक करून टिपले आणि परत केळ्यावर ठेवले. तात्या तोंड उघडून थांबले होते. त्यांनी घाई केली नाही. तिने चमचा आत घातला, त्यांनी ओठ मिटले, डोळे मिटले, गळ्याचा कंठमणी एकदा वर गेला आणि खाली आला.

मग त्यांनी लहान मूल दाखवते तसे तिला तोंड उघडून दाखवले. रिकामे होते.

शरदिनीने पदराने त्यांची हनुवटी पुसली, आणि सकाळपासून जे अडवून धरले होते ते रडू तिथेच, त्यांच्या पायाशी बसून, मोकळे सोडले. तात्यांनी तिला उगी म्हटले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांचा हात कापत नव्हता.